कड

युनियनच्या कचेरीतून वह्या आल्या हातगाडीवर,
चादरीच्या गठ्ठ्यांसारख्या सुतळीनं आवळलेल्या.
अशोक चौकातली जागा सोडायचीय, म्हणाले,
कागद कुठल्याशा कॉलेजात ठेवणार आहेत,
त्याआधी बांधणी हवी, नीट दिसायला हवं.
चाळीस रुपये वही. मी पंचेचाळीस म्हणालो.
बेचाळिसावर ठरलं.

चिठ्ठीत बत्तीस लिहिलेल्या. गाडीवर एकतीस.
मी पुन्हा मोजल्या.
अपघात नोंदवही तेवढी नव्हती.

बाइंडरनं वाचू नये, वडील सांगायचे,
वाचत बसलास की खळ वाळते.
पत्रा तापलेला, पाणी परवा येणार,
खळीत मोरचूद थोडा जास्तच घातला,
कसर फार लागली होती.

पण पानं लावताना डोळा पडतोच.
पोलाद व ओतकाम कामगार सभा.
सह्या तेलुगूत, वेटोळं घालून बसलेल्या,
कानडीत, उर्दूत उलटीकडून येणाऱ्या,
आणि चिटणीस रेवणसिद्ध हत्तुरेंचं अक्षर,
प्रत्येक ओळीवर शिरोरेघ आधी, मग खाली शब्द लटकवलेले.

सभेस हजर एकसष्ट. चहा अठ्ठावन्न. तिघांचा उपवास.

कर्णा बिघडला.
इराण्णा म्हेत्रे गेटवर ओरडून बोलले.

संप, दिवस सतरावा. ज्वारी अर्धं पोतं शिल्लक.
अंबव्वा गुंडेटी यांनी विड्या वळून साठवलेले
अकरा रुपये दिले. परत करायचे आहेत.

परत केल्याची नोंद मला सापडली नाही.
मागची पानं पाहिली, पुढची पाहिली.
खळ वाळली.

मग वर्गणीची वही, चौऱ्याहत्तर सालची.
मल्लेशम इराबत्ती, भट्टी खातं, एक रुपया.
जानेवारी, अंगठा. फेब्रुवारी, अंगठा.
मार्च कोरा. एप्रिल कोरा.
मे महिन्यात अंगठा आहे, पण वेगळा.
पुरुषांचा डावा घेतात, बायकांचा उजवा,
मला वाटलं, बायको येऊन भरून गेली असेल.
शेजारी हत्तुरेंनी बारीक लिहिलंय
उजवा. डावा नाही.

कुणाचा नाही, कधीपासून नाही, काही नाही.
त्याच वहीत मागे कारखान्याचं पत्र डकवलेलं,
सदर वर्षी अपघात निरंक.
खाली शिक्का. गोल, ठसठशीत,
मध्यभागी, कुठंही न फिसकटलेला.

मल्लेशमचा ठसा मात्र पानाच्या कडेला.
नव्या हाताला जागा सापडली नसणार.
अर्धा कागदावर, अर्धा बहुतेक टेबलावर,
ते टेबल कुठं गेलं असेल कुणास ठाऊक.
पुढं जूनमध्ये थोडा आत. जुलैत आणखी आत.
दिवाळीपर्यंत चौकटीत बरोबर बसायला लागला.
वर्गणी एकदाही चुकली नाही.

जुजबंदी केली, कण्याला कापड लावलं,
रात्रभर दाबाखाली ठेवली.
सकाळी कटिंगला घेतली.
तीन बाजू सुताएवढ्या छाटायच्या,
मग वही वहीसारखी दिसते,
बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं.
पातं खाली आणलं, आणि थांबवलं.
सूतभर म्हणजे मे महिना गेला असता.

तीस वह्या गुळगुळीत. एक तशीच,
पिंजारलेली, कुठं पान पुढं, कुठं मागं.
न्यायला आलेला पोरगा म्हणाला,
काका, ही कापायची राहिली की बे.
मी म्हटलं, राहू दे.

तो बघत राहिला, मग गठ्ठा आवळायला लागला.
बिलात मी तिचे दोन रुपये
कमी लावले. कटिंगचे.