दगडासोबत आलेले

सास्काटून, उणे एकतीस.
तळघरात लाल बॅटरी धरून
ओरेस्ता टाकीसमोर उकिडवी.
आणला होता फक्त दगड,
फिजीचा, सव्वाचार किलो.

केसाळ किडा: असू दे, उष्टं खातो.
काचेरी फूल: बेणं वाईट, खुडलं तर चार होतात.
नखाएवढा तारा, चार पाय, पाचवा फुटतोय.
काळ्या नांग्यांचा खेकडा. हा उद्या बरणीत.

आणि रात्री दोनला
टक्.
पहिल्यांदा मायरॉन बादल्या घेऊन धावला,
काच तडकली म्हणून.
काच शाबूत. आवाज कुणाचा,
महिना झाला, दिसला नाही.

तिचं आडनावही असंच,
बंदरावरच्या कारकुनानं
कानाला आलं तसं उतरवलेलं.

वहीत ती शेवटचा रकाना आखते,
पेन्सिल ओलावते,
लिहिते: टक्.