भट्टीवरची वही

दुधाच्या वहीत डावं पान गवळ्यांचं:
नाव, लिटर, फॅट.
उजवं पान महानंदाचं.
ती डेल्फ्टला अणुभट्टीवर असते,
मी इथं भूमला, खव्याच्या.
कुणी विचारलं तर सांगतो,
बहीणभाऊ दोघंही भट्टीवरच आहोत.

रात्री मोबाइलवर तिचा आवाज येतो:
मन्मथदादा, लिही. इंग्रजीत ॲटम, डचमध्ये आटोम.
अर्थ म्हणे, जे चिरता येत नाही ते.
मला मात्र आटोम ऐकलं की कढईच दिसते.
पाच लिटर दूध आटत आटत किलोभर उरतं,
उलथन्याला धरून बसतं,
त्याच्या पुढं नेलं तर करपतं.
म्हटलं, आटून उरतं ते आटोम.
हसली. म्हणाली, परीक्षेत असं लिहू नको.
कसली परीक्षा!
माझ्या बीएस्सीला एकोणीस वर्षं झाली.

चार्ज म्हणजे लादिंग.
आपलं लादणंच की गं हे,
टेम्पोत कॅन लादतो तेच!
इलेक्ट्रॉनच्या पाठीवर उणे एक,
जन्मभर,
कुठल्याच फाट्यावर उतरवायचं नाही.

न्यूक्लियस म्हणजे केर्न, गाभा.
शेल म्हणजे स्खिल,
तिकडं सफरचंदाची सालही स्खिलच.
आम्ही कवच शिकलो,
जसं काही अणूला लढाईवरच जायचंय.
बालाघाटातलं एक सीताफळ फोडून
सरांनी दाखवलं असतं,
तर मी कदाचित नापास झालो नसतो.
एकदाच झालो, पण झालो.

नायट्रोजन: स्टिकस्टोफ.
गुदमरवणारा पदार्थ.
हा शब्द तिनं नुसता लिहून पाठवला,
आवाज नाही.
त्या महिन्यात तिकडं साडेचारलाच अंधार पडायचा.
मी काही विचारलं नाही.
जाळ ओढून घेतला, हात पुसले,
लिहिलं: नत्रवायू.
आणि तिला कळवलं,
हवेत तोच जास्त असतो बाई,
त्यातच माणसं जगतात.
दोन निळ्या खुणा आल्या.
उत्तर आठ दिवसांनी.

केमिस्ट्रीला ते स्खेइकुंडे म्हणतात.
वेगळं करायची विद्या.
आपण रसायन म्हणतो,
रस म्हणतो, वेगळं होण्याचं नावच काढत नाही.
मी म्हटलं, बघ, आपला शब्द बरा.
ती म्हणाली, आणि तू दिवसभर काय करतोस?
दुधातून पाणी वेगळंच करतोस ना?

ते खरं.
वाफ पत्र्याला लागते,
थेंब होऊन माझ्याच मानेवर पडते.

आता पान भरत आलंय.
पलीकडं वाघमोडे, साडेअकरा लिटर, सहा-दोन फॅट.
अलीकडं शेवटची ओळ: बाँड.
मी बंध लिहून ठेवलंय,
डचची जागा कोरी.
तिकडं ती कामावर असेल,
शब्द यायचाय अजून.

मामा, पोरगं आतून ओरडतं,
उठा की, लागतंय!