बुडबुडा येईपर्यंत

स्प्रूसचा भुसा आम्लात उकळला
की साखर सुटते, पण एकटी नाही.
सोबत फरफ्युरल येतं, कडू बदामाच्या वासाचं,
घसा धरणारा व्हिनेगरचा वाफारा,
आणि, हसू येतं, थोडं व्हॅनिलासुद्धा.
या काढ्यात यीस्ट सोडायचं
आणि म्हणायचं, जेव.

एर्नशोल्ड्सविकला नोव्हेंबरात
तीन वाजताच दिवे लागतात.
माझ्यासमोर ट्रे, शहाण्णव खळगे,
प्रत्येकातल्या यीस्टचं
एकेकच जनुक काढून टाकलेलं.
कोण काय करत होतं
ते असंच कळतं, नसताना काय अडतं त्यावरून.
झेडडब्ल्यूएफ-वन नाही: खळगा नितळ, पाण्यासारखा.
याप-वन नाही: तेच.
बाकी कितीतरी नावांवाचून
कुणाचं काही अडलं नाही.
त्यांच्यापुढे मी शून्य मांडते.
योहान्नेस खांद्यावरून वाकून म्हणतो,
"या काढ्यात नाही अडलं,
एवढंच लिही."

बाबा सल्फाइट गिरणीत एकतीस वर्षं.
त्यांच्या जॅकेटला हाच वास.
आई ते दाराबाहेरच काढायला लावायची.
आत आले की टेबलाशी बसत,
बोलत नसत. तासभर. कधी दोन.
आम्हाला वाटायचं, रागावलेत.
मग एकदम विचारत,
शाळेत काय झालं?

आज सकाळी सात नंबरचा फ्लास्क
मोरीत ओतायला निघाले होते.
अठरा तास, आणि बुडबुडा नाही.
योहान्नेसनं मनगट धरलं.
मेलेलं नाही ते, कामात आहे.
आधी सगळं फरफ्युरल पोटात घालतंय,
एकेका रेणूचा दात पाडतंय,
त्यातच शिदोरी संपतेय,
वाढायला काही उरत नाही
म्हणून गप्प.

(हे सातवं त्या बंद गिरणीच्याच टाकीतलं,
तळाच्या गाळातून खरवडलेलं.
बाबांच्या पाळीतही ते तिथंच असणार,
म्हणजे त्याच्या पणजीच्या पणजीच्या
कितव्या पणज्या, कोण मोजणार.)

एकोणीस तास, चाळीस मिनिटं.
काचेच्या कडेला
मोहरीएवढं काही सुटलं, वर आलं, फुटलं.
मग दुसरं.
मी वहीत वेळ लिहिली.
योहान्नेस कॉफी आणायला गेला होता,
खोलीत कुणी नव्हतं,
तरी मी मोठ्यानं म्हणाले,
गणिताचा पेपर अवघड गेला, बाबा.