सळई

बूट काढू नकोस, तेवोल्दे, अजून काम संपलेलं नाही.
भिंतीवरची ती लांब सळई घे.
आडवी धरून वळू नकोस,
मागच्या वर्षी फेडेने तसाच दिवा फोडला होता.

वडिलांच्या काळात पहिले सहा आठवडे
रोज संध्याकाळी ती गंजीच्या पोटात जायची.
आम्ही जेवायला बसलेले, आणि ते एकटे कोठारात,
तोंडात रिकामा पाइप, कारण आत काडी ओढायची नाही.
मग ती बाहेर काढून उलट्या हाताने चाचपायचे,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसं.
हात ठेववला, तर जेवायला यायचे.
नाही ठेववला, की आई काही न विचारता
पातेलं पुन्हा चुलीवर चढवायची.

आता काटा आहे, आकडे दाखवतो.
पंचेचाळीस दिसले तर मला सांग.
साठ झाले तर झोपेतून उठव, हाक मारून नाही, हलवून.
सत्तर झाले तर मला शोधत बसू नकोस,
आधी बंबाला फोन लाव.
आणि गंजी उकरू नकोस.
वाटतं, जरा मोकळी करावी, वारा लागला की निवेल.
फ्रीसलँडचा वारा कशालाच निववत नाही,
आणि ती त्याचीच वाट बघत असते.

वर चढायचं तर फळी टाकून, कमरेला दोर,
आणि दोराचं दुसरं टोक धरणारा माणूस.
वरून सगळं गादीसारखं सपाट दिसतं,
आत जळून पोकळी झालेली असते,
तुझ्याएवढा माणूस सहज मावेल.

वास सांगून ठेवते. आधी गोड येतो,
तंबाखूसारखा, करपत्या साखरेसारखा.
छान वाटतो, मला अजूनही वाटतो.

या जूनमध्ये पाऊस दोन दिवस आधी आला.
मी मूठभर गवत पिळून पाहिलं होतं,
तळवा ओलसर झाला, तो स्कर्टला पुसला
आणि म्हटलं, भरा.
म्हणून आज ही सळई. तुझ्यामुळे नाही.

आणि ते बाहेरचे गोल गठ्ठे, कालव्याच्या बाजूचे.
एकेक चारशे किलोचा.
वरून काढायचे, पायऱ्या ठेवत.
खालचा कधी ओढायचा नाही.
वीबेला हे ठाऊक होतं. माझा भाऊ. मला त्यानेच शिकवलं.
रविवार होता, चर्चचे बूट घातलेले,
वासरांना एकच गठ्ठा हवा होता
आणि वरचे उतरवायचे तर ट्रॅक्टर काढावा लागला असता.
मी बटाटे सोलत होते.
आवाज झाला नाही रे. गवत आवाज करत नाही.
मी आणखी सात बटाटे सोलले,
मग कुत्रा भुंकायला लागला.

म्हणून कोठारात जाताना कुणाला तरी सांगून जा.
मला सांग, फेडेला सांग,
कुणीच नसेल तर त्या पाटीवर खडूने लिही,
तुझ्या लिपीत लिहिलंस तरी चालेल,
मी अक्षरांचा आकार ओळखायला शिकेन.

तू म्हणालास, तुमच्याकडे काका
कडब्यात हात घालण्याआधी काठी आपटायचा, सापासाठी.
बरोबर. तेच हे.
फक्त इथला साप आपणच आत भरतो.

घाल आता. तिरकी, अजून, मूठ टेकेपर्यंत.
थांब तशीच. जरा वेळ जाऊ दे.
बाहेर गाई धारेला रांगेत आल्यात, ऐकू येतंय?
त्यांना वेळ बरोबर कळते.

काढ. उलट्या हाताने.

काय रे?
तू बोलत नाहीस,
हात बोटभर लांब धरून उभा आहेस,
ऊब तिथपर्यंत येते का बघत असल्यासारखा.

माझ्याकडे दे.
आणि फेडेला सांग, जेवण चुलीवरच राहू दे.