शनिवारी, अर्ध्या शाळेनंतर

आठ बायका हव्यात, असं पुण्याच्या कागदात आहे.
मी अकरा जणींना सांगून आले.
एकीचं पोर तापेल,
एकीला नवरा अडवेल,
आणि मालव्वा हो म्हणून सौंदत्तीला जाईल.

जागेचं तीन दिवस ठरेना.
देवळाचा मंडप फुकट,
पण जैतुनबी पायरीशीच थांबते.
ठेकेदार म्हणाला, माझ्या वखारीत बसा की,
पंखा हाय, चहा मी सांगतो.
त्याला नमस्कार केला, तेवढाच.
शेवटी तिसरीचा वर्ग.
भिंतीवर मराठी पाढे, खाली कन्नड अक्षरं,
बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतात.
बाकं व्हरांड्यात काढायची.
दोन सतरंज्या पद्माक्का देणार.

निपाणीहून दोनची बस.
बायकांना फुकट, पण आधार कार्ड जवळ हवं.
सुगलाचं कार्ड अजून माहेरचं, कागलचं;
तिला तिकीट पडतं.
तिचे बावीस रुपये वेगळ्या पाकिटात.

नावाच्या चिठ्ठ्या लावा, म्हणतात पुण्याचे.
कुठल्या लिपीत?
चौघींना तर कुठलीच येत नाही.
त्यापेक्षा मी नावं पाठ करते.

रेकॉर्डर दोन, सेल नवे, वीज तीनला जाते.
टंकणाऱ्या मुलीला कळवलंय:
"मी जातो, मी जेवतो" ऐकू आलं
तर पुरुष शोधत बसू नकोस गे,
इथल्या बायका अशाच बोलतात.

दोन तास म्हणजे दोनशे विड्या.
त्यांचे पैसे शेवटी दिले तर सगळ्या गोड बोलतील,
आधी दिले तर एखादी उठून जाईल.
उठू दे. आधीच द्यायचे.

विषय वरून ठरून आलाय:
विडी बंद झाली तर पुढे काय.
काल तालीम म्हणून शांतव्वाला विचारून पाहिलं.
हात मांडीवर ठेवून बसली, पाहुणी आल्यासारखी,
हूं नाही की चूं नाही.
मग सूप ओढलं,
पान कातरलं, तंबाखू भरली, दोरा आवळला,
आणि नवव्या विडीला मान वर न करता म्हणाली,
"फुडचं सोड.
हे सुरू केलो तवा मला कोण इचारलं?"

सगळ्यांना निरोप धाडला, सूप घेऊन या.
आवाजात कात्रीची करकर येणार,
पुण्याला आजच सांगून ठेवायचं.

सतरंज्या तीन लागतील.