ओलं सिमेंट

घणसोलीत, हार्डवेअरच्या दुकानावर
आमची मंडळी भरते.
खाली पाइप, नळ, रंगाचे डबे.
वर तीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी
आणि भिंतीवर काही नाही. मुद्दामच काही नाही.

पाळक पारधे म्हणतात,
पहिली मंडळी अशीच होती,
कुणाच्या तरी माडीवर जमणारी.
पुढे हजार-दीड हजार वर्षांत जे जे चढलं
ते ते आपण खरवडून काढलं.
खरवडून म्हणताना त्यांचा हात
करपलेला तवा घासावा तसा हलतो.

मला पटायचं.
आजोबांनी नगरकडे विहिरीवर बाप्तिस्मा घेतला
तेव्हा त्यांच्यापाशी तरी काय होतं,
एक पुस्तक, आणि ते वाचून दाखवणारा एक जण.

पण त्या पहिल्यांपाशी पुस्तक कुठे होतं?
पत्रं होती, घामाने कडा मऊ पडलेली,
दिव्याशी धरून मोठ्यानं वाचलेली.
आजाऱ्याच्या वाट्याची भाकर
कुणीतरी त्याच्या घरी पोचवायचं.
बुधवारी, शुक्रवारी उपास.
मी विचारलं एकदा.
"शास्त्रात कुठे आहे?" पाळक म्हणाले.
शास्त्रात नाही. मी गप्प बसलो.

मग आई गेली.
करुणा शांतवन साळवे, वय एक्याऐंशी,
महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला
तीस वर्षं अक्षर लावून दिलेली.
पारसिकच्या उतारावर, आमच्या कोपऱ्यात तिला ठेवली.
पाळकांनी सुंदर वाचन केलं.
प्रार्थना आमच्यासाठी केली, तिच्यासाठी नाही.
रीतच तशी. गेलेलं माणूस प्रभूपाशी,
त्याचा हिशेब मिटलेला.
आम्ही आमेन म्हणालो.

शेजारच्या हर्मिना डिमेलोनं विचारलं,
"महिन्याची मिस्सा कधी?"
"आमच्यात नसते."
"मग तिच्याशी बोलता कधी?"
टोमणा नव्हता तिच्या आवाजात.
म्हणूनच लागलं.

आठव्या दिवशी गवंडी कट्टा लिंपून
चहाला गेला.
खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर एकामागे एक.
मी एकटा, हातात स्कूटरची किल्ली.

कधीतरी वाचलं होतं,
रोमच्या जमिनीखाली मैलोन् मैल भुयारं आहेत.
तिथे त्या पहिल्यांनी आपली माणसं निजवली
आणि ओल्या गिलाव्यात खिळ्यानं काहीबाही ओरखडलं.
एखादा मासा, एखादं नाव,
अडाण्याच्या हातचं, अक्षरं वर-खाली गेलेली.
मेलेल्यांशी सरळ बोलत होते ते.
तुला शांती असो, म्हणत होते.
आमची आठवण ठेव, म्हणत होते.
भिंतीवर काही नाही, असं नव्हतं.

मी खाली बसलो.
किल्ली जड चालत होती, खडे आडवे येत होते.
आई शांतित रहा
आम्हाला विसरू नको

गवंड्यानं येऊन पाहिलं, थापी धुतली, काही बोलला नाही.

डिसेंबरात पाळक आले, न सांगता.
उभ्यानं वाचलं. मग वाकून पुन्हा वाचलं.
मी मनात उत्तरं जुळवत होतो,
पहिल्यांची, भुयारांची.
त्यांनी कट्ट्यावरची वाळकी पानं
तळहातानं एका बाजूला सारली
आणि म्हणाले,
"'ती' दीर्घ हवी होती.
बाईंनी कान पिळला असता तुझा."