इतर साहित्य

राखाडी प्लॅस्टिकचा, दुधाच्या घागरीएवढा,
झाकणाला दोन खिट्ट्या, खाली सरकती झडप.
बेळगावच्या दुकानातून जीपने आला
आणि स्टोअरच्या वहीत त्याला रकाना सापडेना,
तेव्हा पाच्छापुरे साहेबांनी लिहिलं:
इतर साहित्य, नग एक.

त्याआधीचे दोन हंगाम
मी पहाटे पाचनंतर पाणी प्यायले नव्हते.
हिडकलच्या अख्ख्या पाण्यावर बसून
गाळ मोजायचा,
आणि जीभ टाळ्याला चिकटलेली.

लगमण्णा अंबीनं डबा आधी नाळेत ठेवला.
होडीनं नाक पाण्यात खुपसलं.
मग मागं, इंजिनापाशी.
हुन्नूरच्या बाजूनं वारा उठला,
डबा सरकला, डब्यावर मी,
एक हात काठाला, एक हात पडद्याला,
आणि नेमकं तेव्हाच मला
बारावीचं मार्कशीट का आठवावं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो काही बोलला नाही.
मधल्या फळीखाली चार कड्या ठोकल्या.
ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, दोन बोटं रुंद.
सुती दोर भिजला की आवळतो,
वाळला की ढिला पडतो,
रबराला यातलं काही ठाऊक नसतं.
डब्याच्या बुडाशी पोत्याची घडी.
मग स्वतःच वर बसला, लुंगी सावरून,
डोळे मिटले
आणि पोराला म्हणाला, "हलव."
होडी हलली, कप हलला, साहेबांचा चष्मा हलला.
डबा नाही.
"आता भूकंप येऊ दे बाई, तुम्ही बसा."

पडदा त्याच्या बायकोच्या जुन्या इरकलीचा,
पदराकडची बाजू पाण्याकडे.

मी आड गेले की साहेब यंत्राच्या काचेत बघत
आणि लगमण्णा पाठ करून मोठ्यानं खोली वाचे:
अकरा. अकरा.
घाईत कानडीत जाई: हन्नोंदु, हन्नोंदु.
होडी तर थांबलेली, आकडा बदलणार कुठून?
तरी वाचत राही,
पडदा सरकेपर्यंत.

एकदा म्हणाला, "हितं खाली आमच्या आज्ज्याचं होतं सगळं."
मी कानापर्यंत लाल.
डबा घट्ट आहे, थेंबही पडत नाही,
असं काहीतरी पुटपुटले.
"गोठा होता बाई," तो म्हणाला, "गोठ्याला काय?"

संध्याकाळी काठावरून तपासणी बंगल्यापर्यंत
एक बाजू त्यानं धरायची, एक मी.
आत निळं औषध डुचमळतं.
टपरीवरची पोरं हसली.
तो कानडीत चार शब्द बोलला,
मला त्यातले दोनच कळले,
पोरांना चारही.

काशव्वा एका पहाटे जाळं घेऊन आली होती.
इरकल बाजूला केलं, खिट्टी उघडली,
झडप मागं-पुढं करून बघितली,
कुलूप बघावं तशी.
"तेवीस वर्षं जाळं ओढूलालोय," म्हणाली,
"अंधार हाय तोवर आमचं बरं असतंय."
नवऱ्याकडे बघितलं नाही.
त्यानं पाण्याकडे बघितलं.

मे अखेरीस डबा परत गेला.
नग एक, स्थिती बरी.
खोलीच्या वहीत जिथं जिथं
तीन-चार मिनिटांची फट पडली आहे,
तिथं साहेबांच्या बारीक अक्षरात
कारण लिहिलंय: वारा.
धारवाडच्या ऑफिसात कुणीतरी विचारलंसुद्धा,
यंदा हिडकलला एवढा वारा?
रोज अकराच्या सुमाराला?
साहेब म्हणाले, हो, ठरलेला.

परवा लगमण्णाचा फोन आला.
आधी पावसाचं बोलला, मग माशांच्या दराचं,
मग बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
"त्या कड्या तशाच हायत फळीला," म्हणाला.
"दुकानाचं नाव काय हो?"
मी सांगितलं.
जवळ पेन नव्हतं त्याच्या;
त्यानं ते मोठ्यानं दोनदा म्हटलं,
खोली वाचायचा तसं,
आणि मागून काशव्वा म्हणाली,
"किती लिटरचा, ते इचार."